हलीमाखालाकडची ताटली

असल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता, आणि खरं सांगायचं तर आजही नाही. माझे वडील रत्नागिरीजवळ एका खाडीकाठच्या गावात शाळामास्तर होते. आमच्या घरात जिन आणि भूत यांचं नाव काढायची सोय नव्हती. कुणी पाहुणा रंगात येऊन सांगायला लागला की वडील शांतपणे विचारायचे, "तुम्ही स्वतः पाहिलंत की ऐकलंत?" पाहुणा विषय बदलायचा. मीही तशीच वाढले. पण हे तर माझ्याच बाबतीत घडलंय – आणि गंमत म्हणजे मी स्वतः ते पाहिलेलं नाही. ज्यांनी पाहिलं, त्या दोन बायकांबरोबर मी पुढे कित्येक वर्षं एका अंगणात राहिले. त्या खोटं बोलणाऱ्या नव्हत्या.

घरात हे इतक्यांदा सांगून झालंय की माझी मुलगी आता ऐकतच नाही. "मॉम, देअर मस्ट बी अ लॉजिक," म्हणते आणि फोन बघायला लागते. म्हणून म्हटलं, तुम्हा वाचकांना सांगावं. कुणाला काही सुचलं तर मला हवंच आहे.

गोष्ट त्रेसष्ट सालच्या सुरुवातीची. माझा निकाह नुकताच झाला होता. हे – म्हणजे इब्राहिम – कुवेतला जहरा गावात एका बांधकामाच्या सामानाच्या दुकानात कारकून होते. लांबच्या सुट्टीवर गावी आले होते. मला बघायला आले तेव्हा यांनी एकच प्रश्न विचारला, "कोलंबीच्या कालवणात कैरी घालता की आमसुलं?" मी म्हटलं, "कैरीच्या दिवसांत कैरी." बस. यांची आई घरात अजून पाणी पीत होती, तोवर यांच्या बाजूनं पसंती झालीसुद्धा.

दोघंही खाण्यावर मरणारी माणसं. लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी आम्ही बिर्याणीतल्या बटाट्यावरून भांडलो आणि तिसऱ्या दिवशी त्याच बिर्याणीच्या खरपुडीवरून समेट केला.

यांचे मामू बोटीवर भंडारी होते, खलाशांचा स्वयंपाक त्यांच्याकडे. मुंबईहून आफ्रिकेला जाणारी त्यांची बोट वाटेत सेशेल्सच्या बेटांवर थांबायची. लग्नाचा अहेर म्हणून मामूंनी आमची डेकवरची जागा करून दिली. "जा, बघून या, परतीच्या बोटीनं या," म्हणाले. हनिमून हा शब्द आमच्या गावात तोवर कुणी तोंडातून काढलेला नव्हता. सासूबाईंना आम्ही 'हवापालट' म्हणून सांगितलं. त्या म्हणाल्या, "समुद्राकाठच्या माणसानं समुद्राकाठीच हवापालटाला जायचं?" पण हसल्या, आणि सोबत सुक्या जवळ्याची पुरचुंडी दिली.

माहे बेट बघितलं आणि मला वाटलं, बोट फिरून परत आपल्याच गावाला लागली की काय... तेच माड, तेच नीरफणस, तीच आंबट बिमलं झाडाला लगडलेली. फक्त मागे हा भला मोठा काळा डोंगर, आणि माणसांच्या तोंडात भलतीच भाषा. राज्य तेव्हा इंग्रजांचं, पण बाजारात, चर्चच्या पायरीवर, होडीवर सगळे बोलायचे ते फ्रेंच वळणाचं काहीतरी. यांना जहरातल्या एका लेबनानी गिऱ्हाइकाकडून शिकलेला 'मेर्सी' हा एकच शब्द येत होता. तो यांनी सगळीकडे वापरला. कुणी रस्ता सांगितला, मेर्सी. कुणी पायावर पाय दिला, तरी मेर्सी.

आम्ही मादाम रोझ नावाच्या एका विधवा बाईंच्या घरी उतरलो होतो. पत्र्याचं घर, पुढे लाकडी व्हरांडा, मागे वेगळं स्वयंपाकघर. बाई जाड्याजुड्या, पायात कधी चप्पल नाही, आणि रांधायला बसल्या की गुणगुणायच्या. त्यांचं इंग्रजी जेमतेम, आमचं त्याहून जेमतेम. पण खाण्याला कुठे भाषा लागते? हलाल मिळायचं नाही म्हणून मांसाला हात लावायचा नाही, मासळी खायची, हे आमचं ठरलेलं. एक दिवस त्यांनी काळसर रस्सा पुढे ठेवला. हे विचारतायत, हे काय? बाईंनी दोन्ही हात पंखांसारखे हलवले. आम्हाला वाटलं कोंबडी. आम्ही मानेनंच नको म्हटलं. तर त्यांनी आम्हाला खिडकीशी नेलं आणि झाडाला उलटी लटकलेली कोल्ह्यासारख्या तोंडाची वटवाघळं दाखवली. हे म्हणाले, "मेर्सी," आणि त्या दिवशी आम्ही दोघांनी नुसता भात आणि बिमलाची चटणी खाल्ली.

असं सगळं हसतखेळत चाललेलं. पण मला मनातून धास्ती होती, ती कुवेतची. हे सांगायचे, पाणी टँकरनं येतं, झाड म्हणजे खजूर, उन्हाळ्यात दार उघडलं की भट्टीचं तोंड उघडल्यासारखं. "शेजार?" मी विचारायची. "अंगणात तीन खोल्या. एक माझी, एकीत एक पॅलेस्टिनी मास्तर आणि त्याची बायको उम्म खलील. तिसरी रिकामी." म्हणजे बोलायला कुणीच नाही. गावात आमच्या दाराला कधी कडी नव्हती. मी यांना बोलून दाखवलं नाही, पण दुपारी एकटी असले की रडू यायचं.

मग शब-ए-बरात आली. आमच्याकडे त्या दिवशी दिवसभर वाटे फिरतात. या घरातला हलवा त्या घरात, त्या घरातलं काहीतरी या घरात. मला घरची फार आठवण झाली. मी मादाम रोझना खुणेनं सांगितलं की आज मी रांधणार. आदल्या दिवशीच तांदूळ भिजवून, वाटून, नारळाच्या पाण्यात आंबवून ठेवले होते. त्यांची मी वाफवून सांदणं केली. आणि बाईंनी मला त्यांच्या हाताखाली घेऊन ऑक्टोपसचं कालवण शिकवलं. ऑक्टोपस म्हणजे आपल्या म्हाकुळाचा आठ पायांचा चुलत भाऊ म्हणा. दाट नारळाचं दूध, हळद, वांगं, आणि तमालपत्राऐवजी दालचिनीची ताजी पानं. ते उतरवताना टोपाची कड माझ्या डाव्या मनगटाला लागली आणि चांगला लांबट चटका बसला. बाईंनी धावत जाऊन कोरफड आणली, चिरली आणि तिचा हिरवा गर थापला.

जेवण काय झालं होतं म्हणून सांगू... हे बोलतच नव्हते. जेवता जेवता मी मात्र म्हटलं, "एवढं चांगलं झालंय आणि वाटा द्यायला शेजार नाही." हे म्हणाले, "मादाम आहेत की." मी म्हटलं, "त्या घरच्याच. शेजार वेगळा."

जेवणानंतर व्हरांड्यातल्या खुर्चीत मला गाढ झोप लागली. उठले तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. स्वप्नबिप्न काही पडलं नव्हतं, हे शपथेवर सांगते. हे शेजारच्या खुर्चीतच होते.

रोजे जवळ आले म्हणून परतीची बोट धरली. रमजान आणि ईद गावी केली, आणि मग मुंबईहून आखाताच्या बोटीनं कुवेत. बंदरावरून टॅक्सीनं जहरा. वाटेत दोन्हीकडे नुसतं पिवळं सपाट. मी पदरानं डोळे टिपत होते. हे आपले दाखवतायत, "ते बघ, उंट." उंट बघून मला आणखीच रडू यायला लागलं.

मातीच्या भिंतींची गल्ली, लोखंडी दार, आत अंगण. अंगणात एक चाळिशीची बाई सुपात तांदूळ निवडत बसलेली. यांना ती अनोळखी. यांच्या मागे रिकाम्या खोलीत नवं बिऱ्हाड आलं असणार. बाईनं मान वर केली. यांच्याकडे बघितलंच नाही. माझ्याकडे बघून तिच्या तोंडभर हसू पसरलं आणि चक्क आपल्या कोकणीत म्हणाली, "आलीस गो बाय? किती दिवस लावलेस. हात बरा झाला ना?"

मला आधी आनंदच झाला. कुवेतमध्ये पहिला शब्द कानावर पडला तो आपल्या बोलीतला! मी म्हटलं, "खाला, तुम्ही कुठच्या?"

"श्रीवर्धनची. सांगितलं नव्हतं तुला?"

"आपण कधी भेटलो?"

"मस्करी करतेस," ती म्हणाली आणि उठून आत गेली. बाहेर आली ती हातात एक ताटली घेऊन. ताटलीत खजूर. "घे. रिकामी परत द्यायची नाही म्हणून ठेवून दिली होती. काय सांदणं झाली होती गो... या वाळूत मला सांदण खायला मिळेल असं वाटलं नव्हतं. आणि ते कालवण. दोन दिवस बोटांना वास होता."

मी यांच्याकडे बघितलं. हे ताटलीकडे बघत होते. पितळेची, आतून कल्हई केलेली, काठावर यांचं नाव घातलेली. सासूबाईंनी यांना पहिल्यांदा कुवेतला येताना दिलेली.

"ही माझी ताटली," हे म्हणाले. "ही खोलीत होती."

"तर काय. तुझीच बायको घेऊन आली. शब-ए-बरातला."

ही हलीमाखाला. तिचा नवरा दाऊदभाई ट्रक चालवायचा. आम्ही बेटावर असतानाच ही दोघं त्या खोलीत राहायला आली होती.

यांनी कुलूप काढलं. ते इतकं जाम झालं होतं की किल्ली फिरता फिरेना. आत धूळ. गादीवर, स्टोव्हवर, कंदिलाच्या काचेवर, सगळीकडे वाळूची बारीक धूळ. कुठे पाऊल नाही की बोट उमटलेलं नाही. फळीवर भांडी ओळीनं, आणि मध्ये एक ताटलीएवढा गोल मोकळा. त्या गोलातही धूळ होती, पण आजूबाजूपेक्षा पातळ.

आता माझ्यासारख्या शाळामास्तरांच्या मुलीच्या डोक्यात काय आलं असेल? भूत नाही आलं. दुसरी बाई आली.

मी ट्रंकेवर बसले आणि विचारलं, "किल्ली कुणाकडे ठेवून आला होतात?"

"माझ्याजवळ होती. तू बघितलीस ना, कमरेच्या पाकिटात."

"दुसरी किल्ली?"

"दुसरी नाही."

"मग ती कोण?"

"रुकय्या, मी तुझ्याबरोबर होतो. त्या दिवशी आपण एका ताटात जेवलो."

"तुम्ही माझ्याबरोबर होता. ती इथे होती. तुमची बायको म्हणून वाटा घेऊन शेजारी गेली. मी कितवी आहे ते सांगा, म्हणजे झालं."

माणूस भोळा. कपाळाला हात लावून खाली बसला. हलीमाखालानं चहा आणि गरम भाकऱ्या आणल्या. मी म्हटलं, मला नको. हे घाबरले ते तेव्हा. मी खायला नको म्हणते हे यांनी लग्नानंतर पहिल्यांदाच ऐकलं.

हलीमाखालाला आता भानगडीचा अंदाज आला. ती दारातच बसली. "अगो, पण ती तूच होतीस. तोंड काय विसरेन मी? पिवळं पातळ, त्यावर पांढरे ठिपके. नाव सांगितलंस रुकय्या. म्हटलं आत ये, तर म्हणालीस, पुन्हा येईन, ताटली राहू दे. मग तुमच्या दाराला कुलूप दिसलं. म्हटलं गेली असतील शहरात कुणा नातेवाइकाकडे."

त्या दिवशी बेटावर मी नेसले होते ते पिवळं पातळ माझ्या ट्रंकेत होतं. मी त्या ट्रंकेवरच बसले होते. पण पिवळी पातळं बाजारात पुष्कळ मिळतात, असं मी स्वतःला समजावलं. एकासारखी एक माणसंही असतात. बाईनं माझंच नाव का सांगावं, हे मात्र मला जुळवता येईना... मी म्हटलं, "मला पुढच्या बोटीनं परत पाठवा."

तेवढ्यात त्या पॅलेस्टिनी मास्तरांची बायको उम्म खलील बाजारातून आली. अंगणातली बोलणी ऐकून आमच्या दाराशी उभी राहिली. तिला अरबीशिवाय काही येत नव्हतं, मला अरबी नव्हती. ती मला बघून सरळ आत आली, माझा डावा हात धरला, बांगड्या वर सरकवल्या आणि मनगट उजेडाकडे वळवलं. चटक्याचा डाग तिथे होता. गुलाबी, लांबट. तिनं त्यावर अंगठा फिरवला आणि यांना काहीतरी सांगितलं.

मी म्हटलं, "काय म्हणते?"

"म्हणते, छान भरून आलं. त्या दिवशी ताजं होतं. वर काहीतरी हिरवं, बुळबुळीत लावलेलं होतं." हे थांबले. "आणि विचारते, तुला अजून थंडी वाजते का?"

"कसली थंडी?"

यांनी तिला पुन्हा विचारलं. ती बराच वेळ बोलली, हातवारे करून. ऐकून यांनी मला सांगितलं ते असं – जहरात त्या दिवसांत हाडं गोठवणारी थंडी होती, सगळे लोकरीत गुंडाळलेले, आणि ही मुलगी अंगणात नुसत्या सुती पातळात उभी. तिच्या कपाळावर घामाचे थेंब. उम्म खलील शाल आणायला आत गेली, बाहेर आली तर मुलगी नाही. तिला वाटलं, खोलीत गेली असेल.

मग हे हळू आवाजात म्हणाले, "तू त्या दिवशी व्हरांड्यात झोपलीस ना, तेव्हा मी तुझा हात उचलून मांडीवर ठेवला होता, चटका दुखू नये म्हणून. बर्फासारखा गार होता. एवढ्या उकाड्यात. मी घाबरून तुझा श्वास बघितला. श्वास नीट होता. घोरतसुद्धा होतीस. म्हणून तुला सांगितलं नाही."

मी तरीही शेवटचा प्रयत्न केला. हलीमाखालाला विचारलं, "त्या कालवणात पान कसलं होतं?"

"तमालपत्रासारखं दिसायला. पण वास दालचिनीचा. मी चोखून बघितलं ना."

"आणि मासा कुठला?"

"तेच तर मी तुला विचारणार होते. काटा नाही, खवला नाही, आणि तुकड्यांना बारीक बारीक वाट्या चिकटलेल्या."

दाऊदभाईंनीही ते खाल्लं होतं. ते आधी बोटीवर होते. त्यांनी ओळखलं होतं, हा आठ पायांचा. जहरात तो कुणी आणला, आणि इतका ताजा नारळ तरी कुठून आला, म्हणून त्यांना दोन दिवस कोडं पडलं होतं.

मला तेव्हा खरं तर भीती वाटायला हवी होती. कुणालाही वाटली असती. पण मला आधी काय जाणवलं असेल तर कडकडून भूक. यांच्यावरचा संशय गेला तशी ती कुवेतची धास्तीही कुठे गेली कळलं नाही. हलीमाखालानं गार झालेल्या भाकऱ्या परत तव्यावर टाकल्या, उम्म खलीलनं ऑलिव्ह आणि दही आणलं, आणि आम्ही सगळी अंगणात चटईवर बसलो. उम्म खलील मला घास भरवत होती. हलीमाखाला विचारत होती की गावाहून सुका जवळा आणलास का. यांना कुणी विचारतच नव्हतं. कुवेतमध्ये आपल्या ओळखीचं कुणी नसेल म्हणून मी रडत होते, तर पहिल्याच दिवशी मला घरच्यासारखं वागवणारी दोन माणसं होती, आणि ती ओळख मी केलेली नव्हती. किंवा केली होती... मला सांगता येत नाही.

रात्री मात्र मी दिवा मालवू दिला नाही. यांनीही हट्ट केला नाही.

पुढे आम्ही मशिदीतल्या मौलवीसाहेबांना विचारलं. ते म्हणाले, वाटा देण्याची नियत चांगली होती, आता फार खोदू नका. सुट्टीत वडिलांना सगळं सांगितलं. त्यांनी नेहमीचा प्रश्न विचारला, तू पाहिलंस की ऐकलंस? मी म्हटलं, ऐकलं. पण ताटली पाहिली. ते आईला म्हणाले, चहा टाक. एका डॉक्टरांनी सांगितलं की दोन्ही बायकांना भास झाला असेल. असेल. पण भासानं पोट भरत नाही, आणि दाऊदभाईंनी तर दोनदा वाढून घेतलं होतं. कुणीतरी कुलूप न उघडता खोलीत शिरलं, धुळीला धक्का न लावता फळीवरची ताटली उचलली, ती कुठल्या तरी समुद्रापलीकडच्या टोपातून भरली आणि शेजारी नेऊन दिली – एवढं सगळं एका झोपेत. याचा उलगडा मला इतक्या वर्षांत झालेला नाही. तसं पुन्हा कधी घडलंही नाही. मी कितीतरी वेळा मुद्दाम मनात धरून झोपले, उठले ती तिथेच.

पण या सगळ्याचा मला एक त्रास झाला, तो सांगून थांबते. हलीमाखाला आणि मी त्या अंगणात खूप वर्षं राहिलो. शहरातल्या बाजारात नारळ मिळायला लागले तसं मी ते कालवण कितीदा केलं. कधी म्हाकूळ घालून, कधी कोलंबी, एकदा तर मामूंनी बेटावरून आणलेली दालचिनीची पानं घालून. दर वेळी सांदणांसकट हलीमाखालाला वाटा. दर वेळी ती चवीनं खायची, बोटं चाटायची आणि म्हणायची, "झालंय बरं. पण तिच्या हातची चव नाही गो."

'तिच्या' म्हणजे कुणाच्या, हे मी विचारायचं सोडून दिलं होतं. यांनी मात्र शेवटपर्यंत माझी बाजू घेतली, माझंच कालवण सरस म्हणाले. पण यांनी त्या ताटलीतलं खाल्लेलं नव्हतं, त्यामुळे या बाबतीत यांचं मत मी कधी धरलं नाही.